प्रेत उठेपर्यंत

सुईच्या टोकाशी मोहरीएवढा एक थेंब लोंबत होता, आणि तो आता पडेल की तसाच राहील एवढंच महादेव बघत बसला होता. पातेलीत उकळून काढलेली काचेची पिचकारी अजून बोटांना चटका देत होती. डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे मधुमेहाचं औषध वीस रेघांपर्यंत ओढलेलं, डाव्या हाताच्या चिमटीत मांडीची कातडी धरलेली... टोचताना काही दुखत नाही, असं तो चाळीत सगळ्यांना सांगायचा. दुखायचं. पण तीस वर्षं गिरणीत साचे चालवून घरी बसलेल्या बासष्टीच्या माणसाने एवढ्याशा सुईची तक्रार करायची, म्हणजे लोकांच्या हातात आयतं कोलीत. थेंब पडला. त्याने सुई आत सारली, दट्ट्या दाबला आणि पलीकडे सुनेला ऐकू जाईल अशा बेताने तो 'झालं' म्हणाला.

'झालं' ऐकलं की तुळसा तवा ठेवायची. इंजेक्शननंतर अर्ध्या तासात पोटात भाकरी गेली पाहिजे, हा नियम सून पाळायची आणि सासरा कुरकुरायचा. त्या दिवशीही तवा तापला, पहिली भाकरी पडली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवून झाला — आणि शेजारच्या खोलीतून सुंदराबाईची हाक आली. हाक कसली... नुसतं 'अहो, अहो' असं दोनदा, आणि मग काहीच नाही. तिचा नवरा राजाराम, महादेवचा तीस वर्षांचा जोडीदार, झोपेतच गेला होता.

तुळसाने चुलीवर पाणी ओतलं. तव्यावरची भाकरी एका अंगाने कच्चीच राहिली.

मजल्यावर प्रेत असलं की ते उठेपर्यंत कुणाच्या चुलीत विस्तव राहायचा नाही, कुणी घास घ्यायचा नाही, चहासुद्धा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण सरकारची दारूबंदी रोज संध्याकाळी मोडणारी काळाचौकीची माणसंसुद्धा हे मोडत नव्हती. पोरांना तेवढं दाराआड काहीतरी द्यायचे, आणि सगळे तिकडे काणाडोळा करायचे. एरवी दोन-तीन तासांत सगळं आटपायचं. पण त्या दिवशी मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून हरताळ होता. ट्राम बंद, बस बंद, परळच्या नाक्यावर पोलीस. राजारामची एकुलती एक मुलगी गुणवंती माटुंग्याला दिलेली. तिला आणायला महादेवचा मुलगा जगदीश पायीच निघाला, आणि जाताना बापाकडे न बघता बायकोला म्हणाला, "बाबांना खायला दे काहीतरी."

तिने दिलंही. दार लोटलं, रात्रीची शिळी भाकरी आणि चटणी ताटलीत घालून पुढे सरकवली. "मामंजी, आत बसून खाऊन घ्या. कोण येतंय बघायला?"

आणि तो खेकसला. "तिकडे राजाराम पडलाय नि मी दाराआड बसून भाकरी मोडू? मला काय समजलीस तू?"

तिने ताटली झाकून ठेवली. तिला काय ठाऊक... म्हणजे ठाऊक होतं, साऱ्या चाळीलाच होतं, पण ती तेव्हा या घरात आली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको, रमाबाई, याच मजल्यावर अशीच पडून होती, सकाळपासून दुपारपर्यंत, आणि नवरा सापडत नव्हता. राजारामने त्याला घोडपदेवच्या एका दारूच्या खोपट्यातून शोधून आणलं. जिन्याचा कठडा धरत धरत तो वर चढला, आणि तिरडीशी पोचल्यावर त्याला हसू आलं होतं — का, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही. पंधरा वर्षांचा जगदीश समोर उभा होता. तेव्हापासून थेंब नाही. लोकांनी मानलं, पण मानणं वेगळं आणि विसरणं वेगळं, दुधाने तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. म्हणून आज तो खाणार नव्हता. निदान राजारामच्या वेळेला मी ताठ बसेन, सगळ्यांच्या आधी येईन आणि सगळ्यांच्या मागून उठेन... असं त्याने ठरवलं, शर्ट बदलला आणि शेजारच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला.

दहाच्या सुमाराला मानेवर घाम आला. थंडीचे दिवस, गॅलरीतून वारा येत होता, आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. ओठांना मुंग्या आल्या. मांडीवरचा हात आपोआप कापायला लागला तेव्हा त्याने तो दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. हे त्याला ओळखीचं होतं. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं — घाम सुटला, हात कापले, डोळ्यांपुढे अंधारी आली की समजायचं रक्तातली साखर उतरली. लगेच चमचाभर साखर तोंडात टाकायची, वाट बघत बसायचं नाही. हे त्याने घरी सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? दिवाळीत शंकरपाळ्यांच्या डब्यात हात घालताना पकडला गेलेला माणूस तो. तेव्हापासून साखरेचा डबा कपाटात आणि किल्ली तुळसाच्या कमरेला. तिच्यापुढे जाऊन म्हणायचं की बाई गं, साखर हे माझं औषध आहे... पूर्वी नाही का तो रमाबाईला सांगायचा, साच्यावर उभं राहून अंग मोडतं, दारू हे माझं औषध आहे म्हणून. तेव्हा खोटं बोलून ठेवलं, आता खरं बोलायची सोय राहिली नव्हती. सांगितलं होतं ते एकट्या राजारामला. आणि राजाराम समोर चादरीखाली.

उठावं आणि सुनेला म्हणावं, भूक लागली. दोन शब्द. तो ते तोंडातल्या तोंडात जुळवत बसला. पण समोर नाना बसलेले, मजल्यावरचे सगळ्यांत वडीलधारे. अकरा वर्षांपूर्वी त्याला तिरडीपासून बाजूला करणारे तेच. दोन तास धीर धरवला नाही म्हाताऱ्याला, असं ते म्हणतील... तोंडाने म्हणणार नाहीत, बघतील. येईलच आता गुणवंती. जरा वेळाने सांगू. जरा वेळाने... आणि 'जरा वेळाने' हे शब्द सुटे सुटे होऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे निघून गेले, आणि त्यांचा अर्थ काय ते त्याला लागेना.

मग बरं वाटायला लागलं.

माणसांचे आवाज लांब गेले. एका उदबत्तीच्या दोन झाल्या. पाय होते, पण दुसऱ्या कुणाचे तरी. हे आपल्याला माहीत आहे, त्याला वाटलं... हे अंगातून काहीतरी सैल होत जाणं, जीभ जड होणं, खोलीतल्या प्रत्येक माणसाविषयी एकदम माया वाटणं, नानांविषयीसुद्धा — हे कुठलं? त्याने शोधलं, आणि सापडलं तेव्हा तो दचकला नाही. मी प्यालोय. कधी, कुठे, ते आठवत नव्हतं. पण पूर्वी तरी कुठे आठवायचं? प्यालोय खास. अकरा वर्षं आवळून धरलेली मूठ सुटली, सुटली एकदाची, आणि किती दुखत होती ती मूठ हे उघडल्यावर कळलं. आता कुणी वाट बघत बसणार नाही, हा कधी पडतो म्हणून, पडलो. आता जगदीशने माझ्याकडे बघितलं काय नि न बघितलं काय. आता राजाराम येईल, काखेत हात घालेल, म्हणेल चल म्हादू, घरी चल...

"राजा," तो मोठ्याने म्हणाला, "ऊठ की रे. मला न्यायला आलास नि झोपलास काय?"

आणि त्याला हसू आलं.

खोलीतलं रडणं थांबलं. पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनी ऐकू आलं. कुणीतरी म्हणालं, घेतलीय. कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी? नाना उठून उभे राहिले आणि आवाज जराही न चढवता म्हणाले, "म्हादबा, तेव्हा बायको होती. आज मित्र. बाहेर घ्या रे ह्याला." दोघांनी धरून त्याला गॅलरीत आणलं, कठड्याला टेकवून बसवलं. कुणी म्हणे कांदा हुंगवा, कुणी म्हणे डोक्यावर पाणी ओता, कुणी लिंबू शोधायला धावलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पण तो बसल्या जागी मान डोलवत होता, सगळ्यांचंच त्याला पटत होतं.

तुळसा आली. ती वाकली, तिने त्याची हनुवटी धरली — सुनेने सासऱ्याची हनुवटी — आणि त्याच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. सगळ्यांदेखत.

"वास नाही येत," ती म्हणाली.

"हल्ली वास न येणारी पण मिळते, बाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मामंजी, घेतलीत का? मला खरं सांगा. हे येतील आता गुणवंतीताईंना घेऊन. काय सांगू मी त्यांना?"

तिचे डोळे इतके जवळ होते की ते चार दिसत होते, आणि चारही पाण्याने भरलेले. तिला वाईट वाटू नये म्हणून त्याने पुष्कळ विचार केला.

"हो," तो म्हणाला. "घेतली."

तुळसाने हनुवटी सोडली. त्याची मान छातीवर आली. उजेड कमी कमी होत चालला होता, आणि तेही त्याला ठीकच वाटत होतं.

सुंदराबाई नवऱ्याच्या उशापासून उठून उंबऱ्यापर्यंत आली होती. तिच्या पायांत कुणी आलं तर तिने त्याला हाताने बाजूला केलं.

"अगो तुळसा, साखर आण."

"काकी, साखर? ह्यांना? डॉक्टरांनी विष म्हणून सांगितलंय."

"आण म्हणते ना. आमच्या ह्यांच्या बंडीच्या खिशात गुळाचा खडा असायचा, रोज. मुंग्या लागायच्या म्हणून मी भांडले एकदा, तर म्हणाले, राहू दे, म्हादूचा जीव आहे त्या खिशात. मागे भावोजी जिन्यात असेच घामाघूम होऊन बरळत होते, तेव्हा गुळाने शुद्धीवर आले. बघ हात लावून. दारूने असा घाम सुटतो का थंडीत?"

तुळसाने हात लावला आणि ती पळाली. कपाटाला किल्ली लागेना. आतून तिची धडपड बाहेर ऐकू येत होती. मग ती डबाच घेऊन आली. मुठीने साखर त्याच्या तोंडात कोंबली, अर्धी शर्टावर सांडली, वर पाणी. "चावा, मामंजी. गिळा. गिळा हो."

त्याने गिळली. जिभेला आधी वाळू लागली, मग गोड लागलं. पुन्हा मूठ, पुन्हा पाणी. कठडा हळूहळू कठड्याच्या जागी आला, तुळसाचे डोळे दोनच राहिले, आणि अंगावरचा ओला शर्ट गार लागायला लागला. तो कुठे बसला आहे आणि का, हे त्याच्या एकदम ध्यानात आलं. नाना शेजारी उकिडवे बसले होते. "चुकलं बाबा आमचं," ते म्हणाले. "आम्हाला काय कळतंय त्यातलं?" तुळसाने सकाळची ताटली आणली, आणि मजल्यावर प्रेत असताना, चाळीतल्या सगळ्यांच्या समोर त्याने शिळी भाकरी खाल्ली. खा, खा, असं चौघं-पाच जण म्हणत होते.

माणसं पांगली तेव्हा तुळसा हळूच म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दिली असतीस?"

तिने विचार केला. "नसती दिली," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. "चुकलं माझं. लोकांदेखत तोंडाचा वास घेतला तुमच्या... आणि तुम्ही हो म्हणालात ते मला खरंच वाटलं. शुद्धीत कुठे होतात तुम्ही? ते काय तुमचं बोलणं होतं?"

"नव्हतं," तो म्हणाला.

नव्हतं? साखर उतरली की माणूस काहीबाही बरळतो, हे आता सगळ्या चाळीला पटलं होतं. पण ते सुटल्यासारखं वाटणं... ते कुणाचं होतं? अकरा वर्षं मी पीत नाही, याचा अर्थ अकरा वर्षं मला नको आहे, असा मीच धरून चाललो होतो. ती माफी मागते आहे, नाना माफी मागताहेत, आणि ज्या गुन्ह्यातून मी सुटलो तो न करताही मी त्यात किती सुखाने बसलो होतो, हे मला एकट्याला माहीत. माफी घ्यायची तरी कशी? त्याला ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आत्ताच्या आत्ता, आणि तो उठायला लागला तेव्हा त्याला कळलं की आपण राजारामकडेच निघालो आहोत.

जिन्यात गुणवंतीचा हंबरडा ऐकू आला. तिच्या मागून जगदीश वर आला, चालून चालून धुळीने भरलेला, आणि दुसऱ्या कुणी काही सांगायच्या आत तुळसाने त्याला बाजूला घेतलं. महादेव लांबून बघत होता. जगदीशने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा कपाळाला हात लावला, आणि मग तो वळून सरळ बापाकडे आला, गुडघ्यांवर बसला. त्याच्या तोंडावर नुसती काळजी होती, दुसरं काही नाही. अकरा वर्षं महादेव याचीच वाट बघत होता.

"बाबा," जगदीशने त्याचा हात हातात घेतला, "आता बरं वाटतंय?"

"वाटतंय बरं," तो म्हणाला. मघाशी याहून बरं वाटत होतं, हे त्याने मुलाला सांगितलं नाही.