सतरा नंबरचे दार

मित्रांनो, मी एक जुने सागवानी दार आहे. दारव्ह्याबाहेर सरकारी मदतीने गरिबांसाठी वसाहत बांधली, तेव्हा १९५८ साली मला सतरा नंबरच्या घराला बसवले. अंगाला हिरवा रंग आणि त्यावर पांढरा आकडा.

घर मिळाले जब्बार कल्हईवाल्याला. त्याची बायको खैरुनबी आधी नाल्याकाठच्या झोपडीत राहत होती. तिथे दाराच्या जागी गोणपाट होते. पहिल्या दिवशी तिने मला सात-आठ वेळा नुसतेच उघडले आणि लावले. कडीचा आवाज ऐकून ती हसली. इतक्या मायेने मला पुन्हा कोणी हात लावला नाही.

गाव मात्र आम्हाला बिचकून असे. पेठेत सायकल गेली, गोठ्यातून वासरू गेले, की लोक म्हणत, "त्या सरकारी घराईतलेच असतीन!" चोऱ्या वसाहतीच्या आधीही होत होत्या. आमच्याकडेही होत. शेजारच्या धुरपताबाईंची शेळी भरदुपारी गेली, तेव्हा एकही शिपाई फिरकला नाही. पेठेत काही गेले की मात्र ते आमच्याच घरांची झडती घ्यायला येत. बुटांचा आवाज आला, की मी बिजागरीपर्यंत थरथरत असे.

१९६१ च्या दिवाळीआधी कापसाचे व्यापारी सदाशिवराव यांच्याकडे चोरी झाली. तांब्या-पितळेची भांडी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यासह वीस-पंचवीस माणसे काठ्या घेऊन वसाहतीत शिरली. जब्बार कथील आणायला पुसदला गेला होता. घरात खैरुनबी, तिची लहानगी लेक जुबैदा आणि भांड्यांची ही रास! सणासाठी गावातल्या बायकांनीच ती कल्हईला दिली होती.

खैरुनबीने आतून कडी लावली आणि मला पाठ टेकून उभी राहिली. तिच्या काळजाची धडधड माझ्या फळ्यांना कळत होती.

"दार उघड! नाही त तोडतो!"

कुऱ्हाडीचा पहिला घाव माझ्यात रुतला. मी जंगलातले लाकूड. कुऱ्हाड मला नवी नव्हती. पण मी तुटले तर या दोघींचे काय, या विचाराने मी गारठले.

धुरपताबाई धावत येऊन मध्ये उभ्या राहिल्या. "तिचा घरवाला गावाले गेला. लेकरू हाय घरात. काहून जीव घेता तिचा?"

"मी खिडकीतून पाह्यलं, भांडे हायेत अंदर!" कोणीतरी ओरडले.

तेव्हा खैरुनबीने कडी काढली. मी मनात म्हणत होते, नको, उघडू नको! ती पितळी पातेले घेऊन उंबऱ्यावर आली.

"कल्हईले आलेल्या भांड्याईवर नावं हायेत, सदाशिवराव. मले वाचता येत नाही. तुमीच वाचा."

त्यांनी पातेले हातात घेतले. काठावर कोरले होते, 'सौ. विमल सदाशिव'.

"पाहा! तुमचंच निघालं!" गर्दी पुढे सरकली.

सदाशिवरावांनी त्या नावावरून अंगठा फिरवला. त्यांच्या एका शब्दावर दोन जीव अडकले होते. अखेर ते खाली मान घालून म्हणाले, "हे चोरीतलं नोहे. सोमवारी आमच्या घरूनच कल्हईले धाडलं होतं. चला माघारी."

माणसे पांगली. माफी कोणी मागितली नाही. महिन्याने खरा चोर उमरखेडच्या बाजारात भांड्यांसकट सापडला. तो या तालुक्यातलाही नव्हता. पण ते सांगायला वसाहतीत कोणी आले नाही. जब्बारने ते चहाच्या हॉटेलात ऐकले.

त्याने मला दुसरी कडी बसवली. माझी जखम त्याने लांबीचा लगदा भरून बुजवली, वर रंगही दिला. पुढे सदाशिवरावांच्या पत्नी विमलताई स्वतः कल्हईची भांडी घेऊन आल्या. बाहेरून त्यांनी प्रेमाने हाक मारली, तरी खैरुनबीचा हात कडीवर कितीतरी वेळ घुटमळत राहिला.

आता जुबैदा मोठी झाली आहे. अजूनही कोणी मला जोरात वाजवले, की ती हातातले काम टाकून आतल्या खोलीत पळते. म्हणून एवढेच मागणे आहे, मित्रांनो. कोणाच्याही दाराशी गेलात, तर आपले नाव सांगून हळू हाक मारा, आणि आतले माणूस येईपर्यंत थोडे थांबा.