पऱ्हाटीच्या काडीवरची दोरी

दचकलात? मीही दचकले. सीटमागे कुणी असा एकदम हात घातला की माझं काळीज कुठल्या कुठे जातं. साप नाही हो, मी दोरी बोलतेय. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीवर गुंडाळलेली, तुरीच्या डाळीच्या पिशवीला टेकून बसलेली. या बसक्या, लाल, दोनच सीटच्या गाडीत डाळीचं काय काम, ते सांगतेच.

मी सुताची, मेण चोळलेली. घाटंजीच्या बाजारातून किसनरावांनी मला वणीला त्यांच्या गॅरेजात आणलं आणि आल्या आल्या मधोमध कापलं. त्या दिवशी वाटलं, संपलं सगळं. झालं एवढंच, की मला एक बहीण मिळाली. गाडीच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती, लोखंडी स्टँडला ताणून बांधलेल्या. एकमेकींपासून सारखं अंतर राखायचं आणि ताठ राहायचं, हेच आमचं काम. मग किसनराव खाली बसून स्टीलच्या पट्टीनं मोजत: चाकाची पुढची कड दोरीपासून किती, मागची किती. चाक आत वळलंय की बाहेर, ते तेवढ्यात कळे.

वीस वर्षं मी जीपा पाहिल्या, कोळशाचे ट्रक पाहिले. पण स्वभाव काही बदलला नाही. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की मी थरथरायचे. किसनराव पट्टी उचलून धरत. "होऊ दे शांत तिले," म्हणत. माझ्यासाठी कुणी थांबतं, याचं मला फार अप्रूप वाटे.

पुढे त्यांचेच हात थरथरायला लागले. त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही. गिऱ्हाइकं मशीनवाल्यांकडे गेली, गॅरेजचं शटर खाली आलं आणि आम्ही बहिणी दोन वर्षं एका खिळ्याला लटकून राहिलो. धूळ बसते तशी भीतीही बसते अंगावर. आता आपला उपयोग नाही, अशी.

एका शुक्रवारी शटर वर गेलं. उजेडानं मी दिपले. समोर ही लाल गाडी आणि तिच्याभोवती अख्खं घर भांडत असलेलं.

सलोनी, किसनरावांची लेक, मारेगावच्या कॉलेजात शिकवते. जुनीच, पण मनातली गाडी तिनं नागपूरहून घेतली होती. रविवारी तिकडच्या ट्रॅकवर एकेका गाडीची वेळ मोजणार होते, त्यात तिचं नाव होतं. म्हणून तिथल्याच मशीनवर चाकांची दिशा लावून घेतली आणि येताना, सरळ रस्त्यावर, एका ट्रकच्या बाजूला गाडी अशी भटकली की तिनं डोळेच मिटले. हे तिनं आईला, विमलताईंना, सांगितलं, हीच चूक.

"इकून टाक," विमलताई म्हणाल्या. "नाई तं तुह्या बाबानं स्वतः पाहून सांगावं का सरळ चालते म्हणून. मशीनवर माया भरोसा नाई."

"मले कायले मधात घेतं?" किसनराव भिंतीला टेकूनच होते. "हात पाह्य माये. पट्टी धरू का पाळणा हालवू?"

सलोनीनं मला खिळ्यावरून काढलं, ओढणीनं पुसलं आणि किसनरावांच्या पुढ्यात धरलं.

त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, "मशीनवर मोजतानी सीटवर कोनी होतं काय?"

"नाही बाबा. रिकामी होती."

"मंग? मानूस बसलं का गाडी दबते. दबली का चाकं जराशे हालते. अन् हे पुढचे चाकं बाहेर काहून वळवले?"

"मीच सांगितलं. ट्रॅकवर वळणात पटकन शिरते."

"ट्रॅकवर शिरते, अन् रस्त्यावर सैरावैरा. मशीन खोटं नाई, बाई. तू ट्रॅकचे चाकं घेऊन रस्त्यावर आली." ते वाकले. "बांध दोरी. पन सीटवर तुह्या वजनाचं मानूस पाह्यजे. तू तं पाना धरशीन."

दोघंही विमलताईंकडे पाहू लागले.

"व माय! मी? या डबड्यात?"

वजनकाटा आला. सलोनी बासष्ट किलो, विमलताई सत्तावन्न. "गल्लीत सांगू नका," दोघी एकदमच म्हणाल्या. कमी पडलेले पाच किलो स्वयंपाकघरातून आले. तुरीची डाळ मांडीवर घेऊन विमलताई त्या गाडीत पहिल्यांदाच बसल्या आणि स्टिअरिंग सरळ धरून डोळे घट्ट मिटले. चाकं बसावीत म्हणून सलोनीनं गाडी वीतभर ढकलली, तर आतून किंकाळी आली, "अवो, चालली न हे!"

किसनरावांनी पट्टी चाकाला लावली. पट्टी चाकावर टकटक वाजू लागली. त्यांनी ती खाली ठेवली. "नाई होत," ते हळूच म्हणाले.

सलोनी त्यांच्याजवळ मातीतच बसली. त्यांच्या हाताखाली तिनं आपला हात घातला. "दोरी शांत होईपर्यंत थांबायचे ना तुम्ही? थांबू की. मला कुठं जायचंय?"

तिघंही थांबले. विमलताईंनी एक डोळा उघडून पाहिलं आणि परत मिटला. मी तर श्वासच धरला. मग टकटक थांबली आणि किसनरावांनी माप वाचलं.

दोन तास लागले. रस्त्यासाठी चाकं जवळजवळ सरळ, नावाला आत. ट्रॅकसाठी दोन्हीकडून पान्याचा अर्धा-अर्धा फेरा बाहेर. "आन तिथून निघतानी तोच अर्धा फेरा परत आत घ्यायचा, दोरी लावून. ते चाकं घेऊन घरी यायचं नाई," त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं. मग शेवग्याखाली पडलेली पऱ्हाटीची काडी उचलून आम्हा दोघींना तिच्यावर गुंडाळलं.

रविवारी पहाटे किसनराव गाडीजवळ आले, तर दुसऱ्या सीटवर विमलताई, मांडीवर डाळ.

"तू कुठं?"

"मी तिचं वजन हावो न."

ट्रॅकवर चाकं अर्धा फेरा बाहेर घेऊन सलोनी सतरा जणांत सहावी आली. खरं सांगू? मी सीटमागे डोळे मिटूनच होते. पण एकाही वळणावर ती दचकली नाही, हे मला तिच्या गाण्यावरून कळलं. हेल्मेटच्या आत ती गात होती.

आणि त्या आनंदात ती विसरली. फोटो झाले, चहा झाला, ऊन उतरलं. "चल आई, घरी," म्हणत तिनं गाडीचं दार उघडलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर विमलताई. स्टिअरिंग सरळ धरलेलं, डाळ मांडीवर. या खेपेला डोळे उघडे.

"दोरी बांध," त्या म्हणाल्या.

सलोनीनं जीभ चावली आणि पाना घेतला.

संध्याकाळी वणीच्या रस्त्यावर ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमधून गाडी कशी शहाण्या बैलासारखी आली. अंगणात किसनराव उभे होते. विकण्याचं काय ठरलं, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसतेच पिशवीसाठी हात पुढे केले. "आन, डाळ आत ठेवतो."

"राहू द्या तिथंच," विमलताई म्हणाल्या. "पुढच्या खेपेले लागन. घरात दुसरी आनू."

तेव्हापासून मी इथे आहे. ताणलेली असताना बहिणीला भेटता येत नाही. काम संपलं की एकाच काडीवर दोघी एकमेकींत गुंतून झोपतो. ट्रक गेला की अजून दचकते, नाही असं नाही. पण दचकणाऱ्याची वाट पाहणारी माणसं या घरात आहेत.

आता मला हळूच परत ठेवा. आणि एक विनंती, वरण कितीही आवडत असलं तरी त्या डाळीला हात लावू नका.