उखळातला गुडघा

"माझ्या उखळात ह्यो कुणाचा गुडघा हाय?"

भल्या सकाळी गोजराबाईचा आवाज आला आणि माझी तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. आमच्या दोन घरांत मिळून एकच भिंत. पलीकडं कुणी कूस बदलली तरी मला कळायचं. नात्यानं ती माझी थोरली जाऊ, पण वयानं माझ्याच जोडीची, म्हणून आमचं सगळं अगंतुगं.

धावत जाऊन बघते तर उखळात खरंच गुडघा. लोखंडाची वाटी, नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढी, आणि अजून कोमट.

"आता म्या भात कांडू का साह्यबाचं गुडघं कांडू?" गोजराबाई मुसळ आपटत म्हणाली.

गोठ्यातून कुशाबा भावजी बाहेर आले. केसांत राख, हातात हातोडी.

"जरा जपून काढ. कड वाकंल," म्हणाले.

"कड वाकंल! हितं माझी कंबर वाकली, ती दिसली न्हाई कवा!"

पण भावजींचं लक्ष गुडघ्याकडं. त्यांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला, उजेडाकडं धरला, आणि असे हसले की काय सांगू. तसं हसून त्यांनी बायकोकडं एकदा जरी बघितलं असतं, तरी पुढचं काही घडलं नसतं.

त्या गुडघ्याची गोष्ट अशी. भावजी धरणावरच्या एका साहेबाच्या बंगल्यात कामाला होते. बंगल्याच्या मोठ्या खोलीत एक लोखंडी माणूस उभा होता. आत कुणी नाही, नुसतं लोखंड. साहेबाच्या मुलखात म्हणे फार पूर्वी लढाईला जाताना माणसं डोक्यापासून बोटांपर्यंत पत्रा घालायची. डोळ्यांपुढं झडप, गुडघ्याला वाटी, बोटाच्या पेराला सुद्धा वेगळा पत्रा. आत खाज सुटली तर ती माणसं काय करायची, ते मात्र भावजींनाही ठाऊक नव्हतं. आता आमच्या मुळशीच्या पावसात मिठाचं पाणी होतं, तिथं लोखंडाची काय कथा! म्हणून दर शनिवारी भावजी तो माणूस सुटा करायचे, तेल लावायचे, परत जुळवायचे. एकदा नाकाशी तेल जास्त झालं तेव्हा तो शिंकला होता, असं ते सांगायचे. मी विश्वास ठेवला. माझं काय जातंय?

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी साहेब आपल्या देशाला निघाला. भावजींनीच तो लोखंडी माणूस पेंढ्यात घालून खोक्यात बांधला आणि घरी आले. शेत होतं, त्यात माझ्या मालकांबरोबर, म्हणजे गेणबाबरोबर, राबू लागले. पण शनिवार आला की हातांना चैन पडायचं नाही. ताटाची कड पुसत बसायचे. आणि एक दिवस रस्त्याच्या कामावरचं डांबराचं रिकामं पिंप गडगडवत घरी आणलं.

मग सुरू झाली ठोकाठोक. पिंप कापायचं, पत्रा गोजराबाईच्या चुलीत लाल करायचा, राखेत निवू द्यायचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग खोलगट जागेत धरून ठोकायचा. घरात खोलगट जागा एकच, गोजराबाईचं उखळ. कुंपणाच्या तारेच्या कड्या करून कडीत कडी अडकवून गळ्याभोवतीची जाळी विणली. हे सगळं आठवणीतनं. समोर ना चित्र, ना साहेब.

गोजराबाईच्या उलथन्याची मूठ दोन पावसाळ्यांपूर्वी निघाली होती. चिंधी गुंडाळून ती भाकरी उलटायची.

"धाकटे," मला म्हणायची, "बाईमाणूस असती तर झिंज्या धरून पौडाच्या बाजारात फिरवली असती. ह्याला कुटं धरू? झिंज्याच न्हाईत, नुसता टोप!"

"पुरुष हाय गं तो. सवत कशी व्हईल?"

"न्हाई कशी? माझ्या चुलीवर शिजतो, माझ्या उखळात बसतो, आन माझ्या दाल्ल्याच्या हातनं तेल लावून घेतो. मला कवा लावलं त्येल?"

तिनं सूडही उगवून बघितला. गोठ्यात टोप उलटा ठेवला होता, त्यात पेंढा घालून कोंबडी बसवली. कोंबडीला ती जागा इतकी आवडली की अंड्यांवर बसली ती उठेचना. भावजींनी पिल्लं बाहेर येईपर्यंत टोपाला हात लावला नाही. तेवढे दिवस छातीचा पत्रा घासत बसले. म्हणजे कोंबडीला मान, लोखंडाला मान, आणि गोजराबाईला चिंधीचं उलथनं.

एक संध्याकाळ मात्र मी विसरायची नाही. गोजराबाईनं न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं, अबोलीचा गजरा माळला आणि पडवीत भावजींच्या शेजारी जाऊन बसली. भिंतीला माझ्या बाजूनं फट होती. माझा डोळा तिथं सहज गेला.

"काय बघताय येवढं त्या पत्र्याकडं?"

"कोपर," भावजी म्हणाले. "साह्यबाच्या त्याला कोपराशी पट्ट्या व्हत्या. एकीखाली एक सरकायच्या. कशा सरकायच्या त्येच ध्यानात येईना."

"लोखंडाचं कोपर बघा. माझं कवा बघितलंय? लगीन झाल्यापासनं?"

आणि तिनं डावा हात त्यांच्या पुढ्यात केला.

भावजींनी तो धरला. खरंच धरला. हळू वाकवला, सरळ केला, परत वाकवला. कोपराच्या हाडावरून अंगठा फिरवला. गोजराबाईनं डोळे मिटले. मी फटीवरचा डोळा काढायला हवा होता, पण निघेना.

"घावलं!" भावजी ओरडले. कमरेची सुतळी काढून तिच्या कोपराभोवती गुंडाळली, गाठ मारली, आणि उठून पळाले ते थेट गोठ्यात. ठक ठक ठक. गोजराबाईचा हात तसाच हवेत.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर मला म्हणाली, "माप घेतलं गं माझं. बैलाला नाल ठोकताना घेत्यात, तसं."

मी हसून हसून घागर सांडली. ती हसली नाही.

भाताला लोंबी धरली, दसरा जवळ आला आणि लोखंडी माणूस पुरा झाला. भावजींनी तो अंगावर चढवून बघायचं ठरवलं. आमचे मालक मदतीला गेले, मी दारात डोक्यावर पदर घेऊन उभी. गोजराबाई चुलीपाशी पाठ करून बसली होती. छाती बसली, गुडघे बसले, टोपातून भावजींचे डोळे लुकलुकले. डावा हात मात्र कोपराशी अडकला.

"दादा, ह्ये कोपर लई आवळतंय," मालक म्हणाले. "दुसरं ठोका की. पत्रा उरलाय."

टोपातून आवाज आला, "राहू दे."

"अवं, पर हात वाकायचा न्हाई तुमचा."

"राहू दे म्हनलं ना."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज चालूच होता. तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे.

रात्री जेवताना भावजींनी जाहीर केलं, "औंदा शिलंगणाला ह्यो घालून जानार. समद्या गावाच्या म्होरं."

"आन मी?"

"तू बायकांत."

"लोखंडाला घिऊन गावाम्होरं मिरवनार," गोजराबाई म्हणाली, "आन माझ्याबरबर बाजाराला निघालं की कासराभर म्होरं पळत्यात. जशी मला कुनाची उसनी आनलीया."

भावजींनी आमटी मागून घेतली.

दसऱ्याच्या अलीकडं ते मुठ्याला गेले. तिथं त्यांची बहीण दिलेली होती, आणि तिथला चांभार चामड्याच्या पक्क्या वाद्या करून द्यायचा, पत्रे अंगाला बांधायला. ते ओढ्यापलीकडं दिसेनासे झाले, तशी गोजराबाईनं पाटी घेतली. एका खेपेला छाती, एका खेपेला पाय, टोप सगळ्यात वर. शेतावर चालली.

"काय गं करतीस?" मी विचारलं.

"कामाला लावतीया. घरात बसून खातोय नुसता. सवत असली तरी रानात राबाय नको व्हय?"

त्या साली रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. आंबेमोहोराचं उभं खाचर एका रात्रीत लोळवायची. गोजराबाईनं बांधावर बांबूची फुली रोवली, पेंढा भरला आणि त्यावर लोखंडी माणूस चढवला. उजवा पाय डावीकडं, डावा उजवीकडं. तिला कुठं ठाऊक कुठला कुणाचा!

त्याच रात्री डुकरं आली. सकाळी सगळ्या वाडीत रडारड. ह्याचं लोळवलं, त्याचं लोळवलं. आमचं आणि शेजारचं हैबतराव पाटलांचं मात्र जसंच्या तसं. चिखलात खुरांचे ठसे बांधापर्यंत आले होते आणि तिथून माघारी वळले होते. सगळ्यात पुढच्या डुकरानं तर गुडघे टेकून नमस्कार केला होता, तसा ठसाच होता. मी अजून सांगते, लोक अजून ऐकतात.

दुपारपर्यंत हैबतराव शेंदूर, तेल आणि नारळ घेऊन हजर. छातीच्या पत्र्याला शेंदूर फासला, नारळ वाढवला. "म्हसोबा हुबा राह्यलाय रं बांधावर!"

गोजराबाईला घामच फुटला. "अवं पाटील, द्येव कसला? त्यो आमच्या घरातला पत्रा हाय! दोन दिसांनी काढायचा हाय मला!"

"गोजरे, जिभंला आवर. आता काढायची भाषा न्हाई करायची. शेंदूर लागला."

दुसऱ्या दिवशी भावजी परत आले. खांद्यावर नव्या वाद्या, वास येणाऱ्या. कुणीतरी वाटेतच सांगितलं असणार, कारण ते घरी न येता सरळ बांधावर गेले. आम्ही सगळे मागोमाग. लोखंडी माणूस गळ्यापर्यंत केशरी झाला होता, पायाशी करवंट्या, झेंडूची फुलं. भावजी एकदा त्याच्याभोवती फिरले.

"पाय उलटं लावल्यात," म्हणाले.

"असू दे. द्येवाला आता हलवायचा न्हाई," हैबतराव म्हणाले.

"त्येल वाह्यलेलं चालंल?"

"त्येलाला कोन नगं म्हनंल?"

भावजींनी मान हलवली. घरी आले, वाद्या खुंटीला अडकवल्या, म्हणाले, "वाढ."

गोजराबाई रात्रभर वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "शिवी बी दिली न्हाई गं. म्या इचारलं, काय झालं. तर म्हनं, मीठ कमी हाय."

दसऱ्याला भावजी साध्या पैरणीत शिलंगणाला गेले, सगळ्यांच्या मागून. येताना बांधावर थांबले आणि आपट्याचं पहिलं पान लोखंडी मुठीत ठेवलं. आम्ही बायका औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होतो, तिथून दिसलं.

"बघितलंस?" गोजराबाईचे डोळे नुसते जळत होते. "पयलं सोनं कुनाला दिलं, बघितलंस?"

त्यानंतर गोठ्यातली ठोकाठोक बंद झाली. भावजींनी घरातलं मोडकं सगळं दुरुस्त केलं. उलथन्याला मूठ बसवली, दाराची कडी, विळीचं पातं, घागरीची गळती. एक वस्तू मोडकी ठेवली नाही. मग काम संपलं आणि ते संध्याकाळचे नुसते पडवीत बसू लागले. एकदा मी फटीतून बघितलं, गोजराबाईनं तेच उलथनं पायाखाली धरून कडाकडा मोडलं आणि भावजींच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

"तुटलं वाटतं परत," म्हणाली.

भावजींनी ते दुरुस्त केलं. ठक, ठक. तेवढा वेळ ती दारात उभी राहून ऐकत होती.

शनिवार मात्र चुकला नाही. बंगल्यावरची लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन भावजी बांधावर जायचे. लोक वाटीनं तेल डोक्यावर ओतायचे. भावजी बुधलीची चोच सांध्यांत घालायचे, गुडघ्यात, बोटांत, टोपाच्या झडपेत. लोक म्हणायचे, कुशाबाची भक्ती लई. गोजराबाई म्हणायची, "भक्ती म्हनं! सवतीकडं जात्यात, आन तेबी दिवसाढवळ्या." बांधावर ती कधी पाऊल टाकायची नाही. लांबची वाट घेऊन पाण्याला जायची.

अशी बरीच वर्षं गेली. एका पावसाळ्यात भावजींना ताप भरला तो उतरलाच नाही.

तेरावं झालं. पुढच्या शनिवारी मी बघितलं तर गोजराबाई बुधली घेऊन निघालेली. मी हाक मारली नाही, मागून गेले. बांधावर वाडीतली रंभाबाई आणि दोघीतिघी तेलाच्या वाट्या घेऊन उभ्या होत्या. गोजराबाई त्यांच्यामधून सरळ पुढं गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या समोर उभी राहिली. खालून वरपर्यंत बघितलं, नव्या सुनेला बघावं तसं.

गुडघ्यात तेल घातलं. "माझ्या उखळातलं," पुटपुटली. बोटांत घातलं. मग डाव्या कोपराशी आली. पट्ट्या आवळून बसल्या होत्या. तिनं दोन थेंब सोडले, लोखंडी हात वर केला, खाली केला, परत वर केला, तशा पट्ट्या एकीखाली एक सरकल्या. बांधलेली सुतळी कुजून तुटली होती, कोपराची वाटी हातात आली. गोजराबाईनं इकडंतिकडं बघितलं, पदर सारला आणि आपलं डावं कोपर त्या वाटीत ठेवलं.

बसलं. कुठं आवळलं नाही, कुठं सैल नाही.

ती तशीच उभी राहिली. हातात बांगडी नव्हती, त्यामुळं वाजलंही काही नाही.

रंभाबाईला काय कळणार! ती तेलाची वाटी घेऊन पुढं झाली. "वैनी, सरा वाईच. मला बी घालू द्या."

"घाल की. डोक्यावर घाल, पायावर घाल, छातीवर वत." गोजराबाईनं कोपराची वाटी परत लोखंडी हाताला लावली, आपल्या पदराची दशी फाडून घट्ट बांधली. "पर ह्या कोपराला हात लावशील तर बघ. त्ये माझं हाय."

आणि उरलेल्या पदरानं तिथला शेंदूर खरवडून पुसून काढला, खालचं लोखंड दिसेपर्यंत.

ती होती तोवर दर शनिवारी पुसत राहिली. सगळा म्हसोबा शेंदरी, आणि डावं कोपर तेवढं काळंभोर, तेलानं चमकणारं.