मनगटावरची शेवंती

थोरल्या जावेच्या चाळिसाव्या वाढदिवसाला प्रॉम करायचा, हे निकिताने हौसेने ठरवलं नव्हतं. सोनईच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या निकिताने त्यावर बरेच दिवस विचार केला होता.

थोरली जाऊ पंकजा दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायची. कामात चोख, बोलण्यात मिश्कील. पण नवरा, म्हणजे निकिताचे दीर श्रीमंत, वारल्यापासून घरात कसलाही कार्यक्रम निघाला की ती स्वयंपाकघरात शिरायची आणि बायका घरी गेल्यावरच बाहेर यायची. तिला कुणी जा म्हणत नसे. कुंकवाचा करंडा दिसला की ती आपसूक पुऱ्या लाटायला बसायची. सासू छबूबाईंचंही तेच. सासरे गेल्यापासून त्या अशा वेळी मागच्या दाराशी जाऊन बसत. वाढदिवस म्हटला की औक्षण आलं, औक्षण म्हटलं की सवाष्णी आल्या. म्हणून निकिताला असा कार्यक्रम हवा होता, ज्याची रीत गावात कुणालाच माहीत नाही. रीतच नसेल, तर त्यात कोण बसत नाही हेही कुणाला सांगता येणार नाही.

"प्रॉम म्हणजे काय असतं पण?" तिच्या नवऱ्याने, रविराजने विचारलं.

"परदेशात शाळा संपताना मुलं-मुली नटूनथटून येतात, नाचतात. आपल्याकडच्या निरोप समारंभासारखं. ताईंना त्यांचा निरोप समारंभ मिळालाच नाही. आईवडील ऊसतोडीला गेलेले, धाकटी भावंडं यांच्या गळ्यात."

"ते खरं, पण आपला ऊस अजून रानात उभा हाय. खर्च झेपंल असं बघ."

"तुमचा ट्रॅक्टर अंगणात लावा. त्याचा टेप मोठ्याने वाजतो, तेवढं पुरे."

गणपतीतल्या दिव्यांच्या माळा माळ्यावरून खाली आल्या. लग्नाच्या आहेरांचा चकाकता कागद छबूबाईंनी वर्षानुवर्षं गादीखाली जपून ठेवला होता. तो जोडून मागचा पडदा झाला. शेजारच्या मळ्यात व्यापाऱ्याने बारीक म्हणून टाकून दिलेली शेवंती होती. निकिताने जुन्या साड्यांचे काठ फाडून त्यांच्या पट्ट्या केल्या आणि प्रत्येक पट्टीवर दोन-तीन फुलं टाचली.

संध्याकाळी गल्लीतल्या आणि दूध केंद्रावरच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. पंकजा आकाशी साडी नेसून दारात उभी राहिली. ट्रॅक्टरकडे बघून म्हणाली, "ह्यो पन नाचनार हाय का?" बायका हसल्या. निकिताला वाटलं, जमलं.

तेवढ्यात शेजारच्या साळूबाईंनी कमरेच्या पिशवीतून करंडा काढला.

"कारेक्रम म्हनल्यावर कुकवाबिगर कसं चालंल?" असं म्हणत त्यांनी पहिलीच्या कपाळाला बोट लावलंसुद्धा. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. घरून निघताना चपला घालाव्यात तसा त्यांनी करंडा घेतला होता. निकिताने सगळं हिशेबात धरलं होतं, एवढंच धरलं नव्हतं.

"पुऱ्यांचं बघते," पंकजा म्हणाली आणि आत गेली. छबूबाई आधीच उठल्या होत्या.

निकिता फुलांची टोपली घेऊन अंगणाच्या मधोमध उभी राहिली आणि वर्गातल्या आवाजात म्हणाली, "प्रॉमची एक रीत असते. फूल केसात माळायचं नाही, मनगटावर बांधायचं. आणि जो आपल्याला घेऊन आला, त्याने बांधायचं."

"मला रिक्षावाल्यानं आनलंय," दूध केंद्रावरची मनकर्णा म्हणाली. "बोलवू का त्याला?"

हसत-खिदळत त्या एकमेकींना फुलं बांधू लागल्या. एक पट्टी घेऊन निकिता आत गेली. पंकजा परातीत कणीक मळत होती. कणीक कधीच मळून झाली होती, तरी मळत होती.

"ताई, हात द्या."

"मला न्हाई चालायचं."

"मनगटावर आहे, ताई."

"कुटं बी घाल, फूल ते फूलच. आन मला कोन घिऊन आलंय? मी हितंच ऱ्हाते."

निकिता पट्टी पुढे धरून उभी राहिली. मीच आणलं म्हणावं, तर पंकजा या घरात तिच्या कितीतरी आधी आली होती.

"म्या आनलं," मागच्या दारातून छबूबाई म्हणाल्या.

दोघी वळल्या. छबूबाई भिंतीला धरून उठत होत्या.

"जामखेडला बघायला कोन गेल्तं? श्रीमंत तर मान खाली घालून बसल्ता, पोह्यातले शेंगदाने मोजीत. ह्या घरात हिला म्या आनलं." त्यांनी निकिताच्या हातातली पट्टी घेतली. "धर हात वर."

"आत्या, हाताला पीठ हाय."

"असू दे."

गाठ बसेना. छबूबाईंनी पट्टीचं एक टोक बोटात धरलं, दुसरं दाताने ओढलं.

"साळूबाई काय म्हनतील?" पंकजा हळूच म्हणाली.

"साळूला प्रॉममधलं काय कळतंय? आपल्या घरात मास्तरीनबाई हाय. ती सांगल ती रीत. जा आता, पुऱ्या म्या तळते."

पंकजा उंबऱ्यापर्यंत गेली. बाहेर टेपवर गाणं सुरू झालं होतं. पीठ सुकून बोटं पांढरी पडली होती आणि मनगटावर पिवळी शेवंती. ती थांबली.

"आत्या, तुमाला कुनी आनलं?"

"ज्यांनी आनलं त्ये गेलं," छबूबाई कढईकडे बघत म्हणाल्या.

पंकजा परत आली. तिने निकितापुढे हात पसरला. निकिताने बाहेर जाऊन टोपलीतली आणखी एक पट्टी आणली. पंकजाने ती सासूच्या मनगटावर बांधली, सुकलेलं पीठ त्यांच्या हाताला लागलं.

"आता म्या आनलं," ती म्हणाली. "चला."

दोघी अंगणात गेल्या तेव्हा साळूबाई करंडा हातात धरून बघत राहिल्या. मग त्यांनी झाकण लावलं आणि बसायला जागा करून दिली.

निकिताने गॅस बंद केला. कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि तीही बाहेर गेली.