मच्छरदाणीतली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. हसलात ना? हसा बापडे. पण मी उभ्या आयुष्यात बाजार पाहिला नाही की पिल्लं वाढवली नाहीत. मी आरोग्य खात्यात नोकरीला होते, तीही पहाऱ्यावर.

माझा जन्म यंत्राच्या उबेत झाला. आई कशी असते, मला माहीत नाही. पिसं फुटली तशी माझ्या पायात एक कडं चढलं आणि आम्हा बहिणींची रवानगी एका मोठ्या तळ्याकाठी झाली. तिथे पंपघराशेजारी, चार खांबांवर, आमचं जाळीचं खुराडं होतं. पंपघराचे राखणदार आमची देखभाल करायचे. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते.

आमचं काम काय, तर डासांना चावू द्यायचं. बस्स, एवढंच! त्या तळ्यावर लांबलांबून पाखरं येत. कधीकधी त्यांच्यासोबत एक वाईट ताप येई. डास आधी पाखराला चावायचा, मग माणसाला, आणि तो ताप माणसाच्या थेट मेंदूत शिरायचा. कोंबडीला त्याने काही होत नाही, फक्त तिच्या रक्तात खूण राहते. म्हणून दर आठवड्याला आरोग्य खात्याच्या ताई येत, माझा पंख उचलून सुईने थोडं रक्त घेत आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पाठवत. अशी खुराडी देशभर होती. एखाद्या कोंबडीच्या रक्तात खूण दिसली, की तिथल्या माणसांना वेळेत सावध करता यायचं.

सुई मला मुळीच आवडत नसे. मी पिसं फुगवून असा थयथयाट करायचे, की काकांच्या नातीने माझं नाव फुगाबाई ठेवलं. पण खरं सांगू? काका माझ्याहून घाबरट. आमचं आटपलं, की ताई त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायच्या. काका डोळे घट्ट मिटून बसायचे.

"गोळी घेता ना रोज?" ताई विचारायच्या.

"घेतो की," काका म्हणायचे.

गोळ्यांची पाकिटं आमच्या दाण्याच्या डब्यामागे तशीच पडलेली असत. मला दिसायचं सगळं. पण कोंबडीची साक्ष कोण काढतो?

काकांच्या घरात दोनच माणसं, ते आणि नात. नातीची आजी त्याच तापाने गेली होती, आम्ही इथे येण्याच्या खूप आधी. शेवटी शेवटी तिने काकांनासुद्धा ओळखलं नव्हतं. काका याबद्दल कधी बोलत नसत. पण खात्याने खुराड्यासाठी जागा मागितली, तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं होतं. नात रोज संध्याकाळी तळ्याकाठीच खेळायची, आणि तिला काही होऊ नये, एवढा एकच घोर त्यांच्या जिवाला होता.

वर्षं गेली आणि ताप काही आला नाही. वस्तीतले लोक म्हणू लागले, "या कोंबड्या फुकट पोसताय. भांड्यात कधी घालणार?"

"आधी तुला घालतो," काका म्हणायचे.

काकांचा जीव आमच्यात गुंतला होता, आणि तिथेच घोटाळा झाला. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या तुऱ्यावर बसलेले डास पाहिले. बराच वेळ ते जाळीशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी ते मच्छरदाणी घेऊन आले आणि आमच्या खुराड्यावर टाकून कडा नीट खोचून गेले. घरात दोनच मच्छरदाण्या होत्या, एक नातीची आणि एक त्यांची. आम्हाला त्यांची मिळाली. म्हणजे पहारेकरी मच्छरदाणीत आणि मालक उघड्यावर!

मला मात्र फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? जन्मात पहिल्यांदा कोणी मला पांघरूण घातलं होतं. आईच्या पंखाखाली असंच वाटत असेल, असं मनात आलं. सकाळी काका मच्छरदाणी काढून ठेवत, त्यामुळे ताईंना पत्ता लागला नाही. आमचं रक्त दर आठवड्याला स्वच्छ निघत राहिलं.

मग तळ्यापलीकडच्या वस्तीतला एक माणूस त्या तापाने दवाखान्यात गेला. पलीकडे ताप आणि अलीकडे आमचं रक्त स्वच्छ, हे कसं? ते पाहायला ताई एका संध्याकाळी अवचित आल्या आणि खुराड्यासमोर थबकल्या.

"काका, हे काय?"

"फार चावतात हो डास. मुकी जनावरं, सांगणार कोणाला?"

ताई रागावल्या नाहीत. पंपघराच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "यांना चावलेच नाहीत, तर आपल्याला कळणार कसं? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, काका?"

काकांनी तळ्याकडे पाहिलं. नात अनवाणी, उघड्या हातांनी काठावर खडे वेचत होती. त्यांचा चेहरा उतरला.

"ती रोज इथेच असते," ते एवढंच म्हणाले.

मच्छरदाणी त्यांनी स्वतःच्या हातांनी काढली. मग दारातून हात आत घालून माझी मान कुरवाळली. "फुगाबाई, इलाज नाही गं," म्हणाले आणि नातीला कडेवर उचलून घरात गेले.

त्या दिवशी डास आले तेव्हा मी पंख झटकले नाहीत. मान बाहेर काढून बसले. म्हटलं, चावायचं तर मला चावा, त्या पोरीकडे जाऊ नका.

थोड्याच आठवड्यांत माझ्या रक्तात खूण निघाली आणि एकच धावपळ उडाली. खात्याची माणसं आली, साचलेलं पाणी उपसलं गेलं, फवारणी झाली. काका स्वतः दारोदार फिरले. लोक ऐकेनात, तेव्हा त्यांनी आपली बायको कशी गेली ते सांगितलं, जन्मात पहिल्यांदा. मग लोकांनी मुलं दिवेलागणीआधी घरात घेतली. मध्येच एक दिवस नातीच्या अंगात कणकण आली. काका तिच्या उशाशी बसून राहिले, पाण्याचा घोटही घेतला नाही. ताईंनी तिचं रक्त तपासलं. साधी सर्दी निघाली. त्या दिवशी काका खुराड्याआड येऊन रडले. तेही मीच पाहिलं.

पलीकडचा माणूस काठी टेकत टेकत घरी परतला. आमच्या वस्तीतलं कोणीच आजारी पडलं नाही. आणि लोक काय म्हणाले असतील? "उगाच घाबरवलं." मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण जे घडलंच नाही, त्यासाठी कोणाची पाठ कोण थोपटणार?

एकदा खूण उमटली, की कोंबडी पहाऱ्याला निरुपयोगी ठरते. ताईंनी माझ्या पायातलं कडं कापलं. काका म्हणाले, "ही माझ्याकडे राहील."

"राहू दे. पण मग गोळी रोज घ्यायची, हिच्यासमोर," ताई म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं तर! आता काका रोज सकाळी आधी गोळी घेतात, मग मला दाणे टाकतात.

मित्रांनो, तुमच्याही गावात कोणीतरी असा पहारा देत असेल. कोणी थेंबभर रक्त मागायला आलं, तर बोट मागे घेऊ नका. कोणी दाराशी येऊन 'ताप आहे का घरात?' असं विचारलं, तर खरं सांगा. झाकून ठेवू नका.

मी आता काकांच्या ओसरीत झोपते. नातीला नवी मोठी मच्छरदाणी आली, तेव्हा तिची लहानपणची मला मिळाली. ताईंनी काकांना दोनदा समजावलं, की हिला आता त्या तापाची भीती नाही आणि रक्तही कोणाला नको, मच्छरदाणीची काही गरज नाही. काका नीट ऐकून घेतात. आणि तिन्हीसांज झाली, की येऊन मच्छरदाणी सोडतात, चारी कडा खोचतात. मी गुपचूप बसून घेते.