पांगाऱ्याचा खुंट

आवडीनं कोयता उचलला आणि काटे चुकवून पांगाऱ्याच्या फांदीवर तिरका घाव घातला. फांदी अर्धी तुटून लोंबली. खाली उभ्या असलेल्या विठोबानं काठी वर करून जागा दाखवली.

"तितं न्हाई. बुडाशी घाल."

"आप्पा, फुलं आहेत अजून हिच्यावर."

"खुंटाला कसली आली फुलं? घाल."

स्टुलाचा पाय दोन्ही हातांनी धरून बसलेली सुंदरा हसली. सत्तरी ओलांडल्यापासून ती हसली की पाठोपाठ खोकायची. "पन्नास वर्सं झाली, अजून त्याला झाड म्हनवंना. आन् दुपारी त्याच्याच सावलीला खाट टाकायची."

"खाट कुटं टाकायची ते मला ठावं हाय."

"व्हय. बैल ग्येलं, आता खुंटाला हेच बांधल्यात."

लोंबती फांदी काठीनं ओढून पाडताना विठोबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. लाल पाकळ्या त्याच्या टोपीवर पडल्या. त्यानं त्या झटकल्या नाहीत.

दर वर्षी होळीनंतरच्या एका रविवारी हे काम असायचं. गेल्या वर्षापर्यंत विठोबा स्वतः चढायचा. यंदा खांद्यातून हात वर जाईना, म्हणून खोपोलीच्या वाचनालयात काम करणारी त्याची मुलगी आवडी कोयता घेऊन स्टुलावर उभी होती. पन्नाशीच्या बाईला असं वर चढलेलं बघून रस्त्यानं जाणारा कंपनीचा एक कामगार मोटरसायकल हळू करून बघत गेला.

बहात्तरच्या दुष्काळात घरातली एकुलती बैलजोडी घेऊन विठोबा आणि सुंदरा बोरघाट उतरून पश्चिमेला आली होती, एका सालापुरती. साजगावच्या वरच्या अंगाला उतारावर त्यांना अर्धलीनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, करायला जमीन मिळाली. बैल बांधायला खुंट हवा, म्हणून समोर दिसली ती ओली फांदी तोडून विठोबानं दगडानं ठोकून जमिनीत बसवली. घाटावर पुरलेल्या लाकडाला वाळवी लागते. ते फुटतं हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारचा सोमा बांधावरून बघत होता, पण बोलला नाही. आषाढात खुंटाला पालवी आली तेव्हा मात्र पोट धरून हसला.

"घाटी दाद्या, तुझ्या खुंटानं घर केलं रं हितं! आता तू पन कर."

विठोबानं त्याच दुपारी सगळे फुटवे सोलून काढले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. मग दर वर्षी छाटायचं ठरून गेलं, आणि छाटलेलं राबाला जायला लागलं. भाताचं रोप पेरायच्या तुकड्यावर शेण, गवत, फांद्या पसरून उन्हाळ्यात जमीन भाजून घ्यायची, ही इथली रीत. तीही सोमानंच शिकवली. पहिल्या वर्षी विठोबानं न भाजलेल्या जमिनीत बाजरीसारखं भात पेरलं होतं आणि ते तणातून शोधूनही सापडलं नव्हतं. सोमाच्या बायकोनं, येसूबाईनं, आपल्या रोपातलं उरलेलं रोप दिलं म्हणून चूल पेटली. पुढं हळूहळू हाच उतार त्यांनी तुकड्या-तुकड्यानं विकत घेतला, घर बांधलं, पण विठोबा त्याला मुक्कामच म्हणायचा.

घाट उतरायला निघाला त्या सकाळी त्याचा थोरला भाऊ चांगदेव उंबऱ्यात आडवा उभा राहिला होता. बैलजोडी दोघांत एकच होती.

"जनावरं जगवून आनतो. पाऊस पडला की येतो," विठोबा म्हणाला होता.

"जातोस तर जा. आता मी बोलावीन तवाच ये."

पाऊस पुढच्याच वर्षी पडला. विठोबा वाट बघत राहिला.

फांद्यांचा ढीग झाल्यावर तिघं ओट्यावर बसली. सुंदरानं चहा आणला. विठोबानं बशीतला चहा संपवला, बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातलं निळं आंतरदेशीय पत्र आवडीपुढं धरलं. हेही छाटणीच्या दिवशीच व्हायचं.

"वाच गं."

"पाठ झालंय की आप्पा तुम्हाला."

"तुज्या तोंडून ऐकतो."

घड्या झिजून कागदाचे चार तुकडे व्हायला आले होते. आवडीनं तो गुडघ्यावर पसरला. चांगदेव चौथी शिकलेला. त्याचं अक्षर बारीक आणि दाबून काढलेलं होतं, कागदाच्या कडेपर्यंत गेलेलं. तिचा अंगठा आपोआप मधल्या घडीवर जाऊन बसला.

"चिरंजीव विठूस चांगदेवचा आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. आईचे वर्षश्राद्ध पार पडले. आत्या तुझी आठवण काढते." इथं ती थांबली, श्वास घेतला, आणि अंगठ्याच्या खालच्या बाजूला उतरली. "सुंदरास व आवडीस आशीर्वाद. कळावे. चांगदेव."

विठोबा रस्त्याकडं बघत होता.

"कालवड झाली," तो म्हणाला. मग कागदाकडं वाकून बघितलं. "लई आखूड लिवलंय. कागद तर भरल्याला दिसतो."

आवडीनं घडी घालायला घेतली. "अक्षर मोठं होतं काकांचं."

"आसंल," विठोबा म्हणाला. "मोठंच आसंल."

त्यानं पत्र घेऊन पिशवीत ठेवलं, पिशवी खिशात, आणि वरून दोनदा थोपटलं. "येकदा तरी बोलवायला पायजे व्हतं त्यानं. गेलो नसतो कदाचित. पर बोलवायला पायजे व्हतं."

मधल्या पाच ओळी आवडीनं पहिल्यांदा गाळल्या तेव्हा ती सातवीत होती. घरात वाचता येणारी ती एकटीच. त्या ओळींत बोलावणंच होतं. त्या दिवशी तिला वाटलं होतं, उद्या सांगू. मग परीक्षा झाल्यावर. पुढं मॅट्रिक झाल्यावर. मग चांगदेव गेला, त्याचा निरोप तिसऱ्या दिवशी आला, विठोबा घाट न चढता दिवसभर खुंटाला टेकून बसला, आणि त्यानंतर सांगण्यासारखा दिवस उरला नाही.

निघताना तिनं वडलांच्या टोपीवरची पाकळी काढली. तोंड उघडलं आणि म्हणाली, "ऊन लागतंय, आत बसा."

"तू जा. लायटी लागायच्या आत पोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सुंदराचा फोन आला. विठोबा उजाडताच फांद्या राबाच्या तुकड्यावर ओढून नेत होता. निम्म्या नेल्या. दम खायला म्हणून पांगाऱ्याला टेकून बसला, तो तसाच राहिला.

*

दहाव्याला पाताळगंगेवरचं उरकून माणसं ऊन चढायच्या आत घरी परतली. विधी आवडीनंच केले. दुसरं कोणी नव्हतं. घाटावरून चांगदेवचा मुलगा संतोष गाडी घेऊन आला होता. या घरात तो पहिल्यांदाच येत होता. पांगाऱ्याखाली टाकलेल्या खुर्चीवर तो टोकाला बसला होता, उठायच्या तयारीत असल्यासारखा. पायाशी लाल पाकळ्यांचा सडा होता. छाटायच्या राहिलेल्या दोन फांद्या अजून फुलत होत्या.

येसूबाई काठी टेकत आली आणि सुंदराला चिकटून बसली. सोमा जाऊन आठ वर्षं झाली होती.

"बाय, राब अर्धाच पसरलाय," ती आवडीला म्हणाली. "भाजून घे वेळेत. दाद्यानं पयल्या साली नाय भाजला, तर माझं रोप संपवलंन्."

सुंदराच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि तिथंच थांबलं.

संतोषनं चहाचा कप खाली ठेवला. "काकी, राग मानू नका. मी आलो ते बाबांसाठी आलो. त्यांनी सांगून ठेवलं होतं, विठू गेला तर जा. पण एक बोलल्याशिवाय जायचं नाही, असंपण सांगितलं होतं."

"बोल की."

"काकांनी एवढं ताणायला नको होतं. बाबांनी स्वतः बोलावलं. कमीपणा घेऊन. काकांनी साधं उत्तरसुद्धा दिलं नाही. बाबा म्हणायचे, खाली जमीन झाली, आता त्याला भाऊ कशाला लागतोय."

सुंदराची पाठ ताठ झाली.

"कुनी बोलावलं?"

"बाबांनी. पत्र धाडलं होतं."

"पत्र आलं. येकच आलं. त्यात गाय व्याली म्हनून लिवलं व्हतं. भावाला बोलवायचं सोडून गाईचं लिवलं!" तिचा आवाज चढला तसा खोकला आला, येसूबाईनं पाठ चोळली तरी ती थांबली नाही. "तुज्या बापानं उंबऱ्यातनं हाकललं आमाला. ह्यो मानूस पन्नास वर्सं खुंट छाटत बसला. घरात फरशी घालू दिली न्हाई मला, म्हनं जायचं हाय. आन् तू मेल्या मानसाला माज आला म्हन्तोस?"

"माज नाही म्हणालो काकी."

"त्येच म्हनलास."

"पोस्टमन आला की दाद्या उठायचा," येसूबाई हळूच म्हणाली. "मी बघितलाय. सायकलची घंटी वाजली की हातातलं टाकून उठायचा. माणूस पुढं गेला की परत बसायचा."

"मग बाबा खोटं बोलले?" संतोष उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "मरताना माणूस खोटं बोलंल का? त्यांचं म्हणणं होतं, लिहिलंय मी, माझ्या हातानं लिहिलंय."

सुंदरा उठली. आत गेली. ट्रंकेचं झाकण आपटल्याचा आवाज आला. बाहेर येताना तिच्या हातात ती प्लास्टिकची पिशवी होती.

"जाळायला नेला तवा बंडीतनं काढून घेतलं मी. त्याच्यासंगं जाळावं म्हनलं, हात झाला न्हाई." तिनं पिशवी आवडीच्या मांडीवर टाकली. "वाच गं आवडे. ह्येच्या म्होरं वाच. बोलावलेलं कुटं हाय ते कळू दे याला."

संतोषनं हात पुढं केला. "द्या, मी वाचतो. बाबांचं अक्षर मला कळतं."

"तू नको," सुंदरा म्हणाली. "तीच वाचत आलीया. तीच वाचंल."

आवडीनं पत्र बाहेर काढलं. वरचा एक तुकडा सुटून खाली पाकळ्यांत पडला. येसूबाईनं तो उचलून दिला. तिनं चारही तुकडे गुडघ्यावर जुळवले, आणि अंगठा सवयीनं मधल्या घडीवर गेला. समोर आई उभी होती, कमरेवर हात ठेवून. भांडण जिंकल्यासारखी. तिच्यामागं राबाचा तुकडा दिसत होता, अर्धा फांद्यांनी झाकलेला आणि अर्धा उघडा.

"चिरंजीव विठूस चांगदेवचा आशीर्वाद," ती वाचू लागली. "इकडील सर्व क्षेम आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. आईचे वर्षश्राद्ध पार पडले. आत्या तुझी आठवण काढते."

"बघ," सुंदरा संतोषला म्हणाली. "आता फकस्त आशीर्वाद. हाय न्हवं गं?"

"नाही, आई."

तिनं अंगठा उचलला. त्याखालची शाई इतर शाईपेक्षा पुसट झाली होती, पण वाचायला तिची गरज नव्हती.

"ह्या ओळी मी कधी वाचल्या नाहीत. आप्पांना नाही, तुला नाही. ऐक." तिचा आवाज वाचनालयात बोलावा तितकाच होता. "कालव्याचे पाणी आपल्या रानात आले. तुझा वाटा मी मोडला नाही. आवडीला आता शाळेतून काढ, तिच्यासाठी इथे स्थळ पाहिले आहे, वैशाखात उरकून टाकू. त्या दिवशी उंबऱ्यात बोललो ते रागाने बोललो. बैल राहिले नसले तरी हरकत नाही. विठू, मी बोलावतो आहे. ये."