गुलालाचं पाणी

आकाराम मिस्त्रीचा डाख म्हणजे दगडावरची रेघ, असं सगळी पेठ म्हणायची. गळका बंब असो नाहीतर ट्रकचा रेडिएटर, आकारामनं तापलं लोखंड फिरवून सांधा एकदा जोडला की तो उकलायची बिशाद नव्हती. आणि त्याच आकारामचं नाक दादा वकिलांच्या मोटारीनं भर पेठेत कापलं.

मोटार तरी कसली! दोन माणसं जेमतेम मावतील, डोक्यावर छप्पर नाही, नुसती शर्यतीत पळायला केलेली विलायती चीज. संस्थान विलीन झालं तेव्हा एका जहागीरदारानं ती मिळेल त्या भावाला काढली आणि दादांनी हौसेनं घेतली. पहिल्याच फेरीला गारगोटीच्या वाटेवर पुढून वाफा आणि खाली पाण्याचा ओघळ. बैल जुंपून आणावी लागली.

आकारामनं रेडिएटर उतरवला, तोंडं बुचांनी बंद केली, सायकलच्या पंपानं हवा भरली आणि हौदात बुडवला. पंक्चर काढतात तसंच. खालच्या टाकीच्या सांध्यातून बुडबुडे आले. डाख दिला, पुन्हा बुडवला, एक बुडबुडा येईल तर शपथ! रबरी नळ्या बदलल्या, पाण्याचा पंप उघडून बघितला, पंचगंगेच्या पुलापर्यंत गाडी दामटून आणली. ठणठणीत कोरडी. दादा खुशीत घेऊन गेले आणि आठवडा सरतोय न सरतोय तोच परत दारात. गळती तीच, सांधा तोच. पुन्हा डाख दिला, पुन्हा तेच रडगाणं.

मग आकारामच्या मनात पाल चुकचुकली. खोट सांध्यात नसेल तर हातात असणार. हल्ली सुईत दोरा ओवायला बायकोला, चिमणाबाईला, हाक मारावी लागायची. डाख गेला तर आकाराम म्हणून उरलं काय? त्याला भीती वाटत होती, सरळ सांगायचं तर. पण भ्यालं की हा माणूस ओरडतो, ही त्याची खोड. चहाच्या दुकानात, चार माणसांत ओरडून बसला, "या खेपंला माझा डाख सुटला, तर डाखाची हत्यारं कृष्णाताला दिऊन टाकीन! पुन्हा हात लावायचो न्हाय!"

कृष्णात त्याचा मेव्हणा. त्याला तेवढंच पाहिजे होतं.

नवा डाख दिल्यावर आकारामनं देव्हाऱ्यातली जोतिबाच्या गुलालाची पुडी काढली आणि पाण्यात कालवली.

"आवं, देवाचा गुलाल मोटारीच्या पोटात?" चिमणाबाई किंचाळली.

"देवालाच इचारतोय की, पाणी कुठं मुरतंय ते! जिथनं गळंल तिथं रंग दिसंल."

गुलाबी पाणी भरून त्यानं गाडी जोतिबाच्या डोंगरावर चढवली, उतरवली, दुकानात आणून तिच्याखाली धुतलेला पंचा अंथरला. सकाळी पंचा पांढराच. तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता, कारण दुकानात असेपर्यंत ती मागच्या खेपांनाही कोरडीच होती.

दादा आले. पाठोपाठ कृष्णातही आला, हातात रिकामी पिशवी घेऊन. निलाजरा!

आकारामच्या दुकानातून कुठलीच गाडी नारळ फोडल्याशिवाय जात नसे. ट्रक असला की तो नारळ पुढच्या बंपरवर हाणायचा. या बयेला बंपरच नव्हता. इंजिन फिरवून चालू करायचं हँडल घालायच्या जागेचं लोखंड तेवढं पुढं आलेलं, आणि त्याचा पाय रेडिएटरच्या खालच्या टाकीला धरलेला. हळदकुंकू वाहून, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून आकारामनं नेहमीसारखा त्याच लोखंडावर नारळ हाणला. नारळ एका फटक्यात दुभंगला. पाणी खाली सांडलं आणि बघता बघता गुलाबी झालं.

"मिस्त्री," दादा वाकून म्हणाले, "गुलाबी पाण्याचा नारळ कुठून आणलात?"

आकाराम तसाच मातीत आडवा झाला आणि गाडीखाली शिरला. सांध्याला केसाएवढी चीर पडली होती आणि तिच्यातून थेंब थेंब गुलाल ठिबकत होता. दर खेपेला हेच झालं असणार. डाख धरायचा, गाडी कोरडी व्हायची, मग हा स्वतः त्या लोखंडावर नारळ हाणून सांधा उकलायचा, आणि ठिबकलेलं पाणी नारळाच्या पाण्यात लपून जायचं. रस्त्यावर तापून चीर रुंदावली की बोंब!

"दाजी," कृष्णातनं पिशवी झटकली, "डाख सुटला न्हवं? मग हत्यारं काढा की."

"कोण म्हणतंय सुटला?" चिमणाबाई कंबर खोचून पुढं आली. "सुटला न्हाय, फोडलाय! ह्यांनी सोताच्या हातानं फोडलाय, दर बारीला!"

दादा हसायला लागले. मग गाडीखाली आकारामलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचं भानही त्याला राहिलं नाही.

"चिमणे," तो खालूनच ओरडला, "म्हंजे हातात जोर हाय म्हण की!"

"हाय तर! बाहेर या आन डाख द्या. आन न्हारळ पायरीवर फोडत जावा." तिनं नारळाचं एक भकल उचललं आणि भावाच्या पिशवीत टाकलं. "घे रं परसाद, आन जा घरला."